एसईसी का बिग टेन? ड्राफ्टचा अंदाज भुसावळात बसून कसा काढायचा

एप्रिल संपत आला की आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रं बी दिसत नाही, पारा ४४ च्या पुढे, त्यामुळे जे काय करायचं ते सकाळीच उरकायचं. सोय अशी की एनएफएलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या प्रोफेशनल लीगचा) ड्राफ्ट तिकडे गुरुवारी रात्री ८ ला सुरू होतो म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला, चहाचा कप घेऊन गच्चीवर बसायचं आणि मोबाईलवर बघायचं. माझा आतेभाऊ डॅलसला आहे, त्याचा बरोबर त्याच वेळेला मेसेज येतो, "जपी गया का भो?" म्हणजे झोपला का. आमची दरवर्षी शर्यत लागते की पहिल्या राउंडला जास्त पोरं कोणाची जाणार, एसईसीची का बिग टेनची (हे तिकडच्या कॉलेजांचे दोन गट, खाली सांगतो). पैसे नाही, भरीत पार्टी. हरला त्याने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊ घालायचं. (आणि कोणी पैसे लावायचा विचार करत असेल तर नका लावू, २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर आपल्याकडे बंदी आहे.)

या शर्यतीत मी दोन वर्षं नुसत्या हवेवर बोललो, मग शीट बनवून हिशोब करायला लागलो, तो हिशोब कसा करायचा तेच सांगतो.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजची पोरं प्रोफेशनल लीगमध्ये जातात ती ड्राफ्टमधून, ३२ टीम, ७ राउंड, दर राउंडला टीम एकेक पोरगा निवडतात (त्याला पिक म्हणायचं), आदल्या सीझनला जी टीम सगळ्यात मागे राहिली तिचा नंबर पहिला. शाळा सोडून ३ वर्षं झाल्याशिवाय पोराला ड्राफ्टला येता येत नाही. आणि कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट, आपल्याकडे तालुका असतो ना तसं समजा, त्या गटातली कॉलेजं जास्त करून आपसात खेळतात. दादा गट दोनच, दक्षिणेकडचा एसईसी (जॉर्जिया, अलाबामा, एलएसयू वगैरे) आणि बिग टेन (ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट). नाव बिग टेन पण टीम १८, ते का हे विचारू नका. बाकी एसीसी, बिग ट्वेल्व्ह आणि नोत्र दाम, जे फुटबॉलला कोणत्याच गटात नाही.

आता पहिलं काम, आणि इथेच नव्वद टक्के भांडणं होतात. "टॉप पिक" म्हणजे नेमकं काय ते आधी लिहून ठेवा. पहिले १०? पहिला राउंड म्हणजे ३२? का सातही राउंड मिळून? हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगळी येतात. सातही राउंड धरले तर भांडायचं कारणच नाही, एसईसी २००७ पासून दरवर्षी एक नंबरला आहे, २०२५ मध्ये तर एसईसीचे ७९ गेले आणि बिग टेनचे ७१. रावेर-यावलकडचा केळीवाला तुम्हाला सांगेल की किती ट्रक माल निघाला हे एक आणि त्यातला एक्सपोर्टचा किती हे दुसरं. आपण इथे एक्सपोर्टच्या मालाचं बोलू राहिलो, म्हणजे पहिला राउंड.

दुसरं काम नकाशा, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. १ जुलै २०२४ ला टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत आले, म्हणजे एसईसी १६ टीमची झाली. त्यानंतर महिनाभराने यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. हे चारही आधी ज्यात होते तो पॅक-१२ नावाचा गट, त्यात दोनच टीम उरल्या. गंमत म्हणजे आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो पण १ जुलैलाच, १९९८ ला. आता कोणी म्हटलं की धुळे जिल्ह्याची कबड्डी टीम १९९७ ला कशी होती आणि २००० ला कशी होती ते आकडे शेजारी ठेवून बघ, तर तुम्ही पहिले विचाराल ना की बाबा नवापूर-शहाद्याची पोरं यात धरली का नाही? तेच इथे करायचं. जुन्या वर्षांचे आकडे आजच्या नकाशावर पुन्हा मांडायचे.

मी मांडले. २०२३ ला पहिल्या राउंडला ३१ च पिक होते (मायामी डॉल्फिन्सचा एक शिक्षा म्हणून कापला होता), तेव्हाच्या गटांप्रमाणे एसईसी ९, बिग टेन ९. बरोबरी! आणि त्या वर्षी मी डोळे मिटून "एसईसी, अजून काय" म्हटलेलं, मग अर्धी अर्धी पार्टी झाली, वांगी माझी आणि भाकरी त्याच्या आईने म्हणजे माझ्या आत्याने केल्या. आजच्या नकाशावर टेक्ससचा बिजान रॉबिन्सन आणि ओक्लाहोमाचा अँटन हॅरिसन एसईसीकडे येतात, ओरेगनचा ख्रिश्चन गोन्झालेझ आणि यूएससीचा जॉर्डन ॲडिसन बिग टेनकडे, म्हणजे ११-११, तरी बरोबरीच.

२०२४ ला तेव्हाच्या गटांप्रमाणे एसईसी ११ आणि बिग टेन फक्त ४. बघणाऱ्याला वाटेल बिग टेनचा पार धुव्वा उडाला. पण आजच्या नकाशावर मांडलं तर १४-१०, कारण केलेब विल्यम्स, पेनिक्स, ओडुन्झे, बो निक्स, लातू, फाउटानु हे सहाच्या सहा पॅक-१२ मधून बिग टेनच्या खात्यात येतात. २०२५ ला नवीन गटच लागू होते, एसईसी १५ आणि बिग टेन ११. बघा आता, ११-११, १४-१०, १५-११. जुना आकडा बघितला असता तर २०२५ ला तुम्ही बिग टेनला पाच-सहा दिले असते आणि तोंडावर आपटले असते. आतेभाऊ आपटला नाही कारण मी त्याला आधीच सांगून बसलेलो, माझीच चूक.

तर बेस काय धरायचा? पहिल्या राउंडला एसईसीला १३ ते १४, बिग टेनला साडेदहाच्या आसपास. इथून सुरुवात करायची आणि त्या वर्षाची पोरं बघून वर-खाली करायचं.

पहिल्या १० चं मात्र वेगळं आहे. २०२२ ते २०२५ ही चार वर्षं मी आजच्या नकाशावर मोजली, २०२२ ला ४-४, २०२३ ला एसईसी ६ बिग टेन ३, २०२४ ला उलटं म्हणजे ३-५, २०२५ ला ३-३. बेरीज केली तर एसईसी १६, बिग टेन १५. म्हणजे पहिल्या १० वर शर्यत लागली असेल तर सरळ नाणेफेक समजा, कोणी कितीही छाती ठोकून सांगू दे. छोट्या आकड्यात नशीब जास्त खेळतं, एक क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) इकडचा तिकडे झाला की संपलं.

आता नावांची यादी. इथे लोक काय करतात तर टीमचा निकाल बघतात, चॅम्पियन कोण, त्याचीच पोरं जास्त जाणार. नाही जात भो. २०२३ च्या सीझनला मिशिगनने ट्रॉफी जिंकली, वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवून, आणि २०२४ च्या ड्राफ्टला मिशिगनचे एकूण १३ गेले, पण पहिल्या राउंडला किती? एक. जे जे मॅकार्थी. बाकीचे सगळे नंतरच्या राउंडला. चांगली टीम आणि पहिल्या प्रतीचा खेळाडू ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बास्केटबॉलमध्ये तर याहून भारी उदाहरण आहे, २०२५ च्या एनबीए ड्राफ्टला रटगर्सची दोन पोरं पहिल्या पाचात गेली, डिलन हार्पर दुसरा आणि एस बेली पाचवा, आणि रटगर्सचा त्या सीझनचा रेकॉर्ड होता १५ विजय १७ पराभव. त्याच वर्षी एसईसीच्या १४ टीम मार्चच्या मोठ्या स्पर्धेला गेल्या, विक्रमच होता तो, पण ड्राफ्टच्या पहिल्या १० मध्ये एसईसीचे तीनच. म्हणून टीम नाही, नावं मोजा.

यादी कशी करायची? जानेवारीच्या मध्यापर्यंत थांबा. त्याच्या आधी कोण पोरगा ड्राफ्टला येणार आणि कोण अजून एक वर्ष कॉलेजला थांबणार हेच पक्कं नसतं. पूर्वी चांगला पोरगा ३ वर्षं झाली की पळायचा, आता जुलै २०२१ पासून कॉलेजमध्येच स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवायची परवानगी आहे, त्यामुळे ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या राउंडची भीती वाटते तो थांबतो, घड अजून थोडा भरू द्यायचा म्हणून झाडावर ठेवतो आपण, तसंच. ओहायो स्टेटने २०२४ ला हेच केलं, एगबुका, डोनोव्हन जॅक्सन, टायलिक विल्यम्स, ट्रेव्हियन हेंडरसन हे सगळे थांबले, जानेवारी २०२५ ला ट्रॉफी जिंकले आणि मग ड्राफ्टला ओहायो स्टेटचे १४ गेले, त्यातले ४ पहिल्या राउंडला. २०२४ ला बिग टेनचा आकडा ४ वर का अडकला त्याचं एक कारण हे पण आहे, माल पुढच्या वर्षावर गेला होता. म्हणून दरवर्षी बघा की कोणत्या गटाचे जास्त लोक मागच्या वेळी थांबले होते.

ऑगस्टमध्ये सीझनच्या आधी जे अंदाज येतात त्यांच्यावर फार जीव टाकू नका. जो बरो २०१९ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या राउंडच्या गप्पांत जवळपास नव्हताच, मग त्या सीझनला एलएसयूकडून ६० टचडाउन पास (टचडाउन म्हणजे आपला गोल समजा) फेकले आणि २०२० ला पहिला पिक झाला.

आणि बरोवरून अजून एक नियम ठरवून घ्या, पोरगा कोणाचा. बरो आधी ओहायो स्टेटला होता, नंतर एलएसयूला गेला. म्हणजे बिग टेनने शोधला आणि नाव एसईसीचं झालं. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (म्हणजे कॉलेज बदलायची सोय) हे सर्रास चालतं, कॅम वॉर्ड २०२५ चा पहिला पिक, तो इन्कार्नेट वर्ड, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी. जेडन डॅनियल्स ॲरिझोना स्टेटवरून एलएसयूला. जॅक्सन डार्ट यूएससीवरून ओल मिसला. रोप कोणत्या नर्सरीतलं ते कोणी विचारत नाही, घड ज्याच्या शेतात कापला त्याचा. शेवटचं कॉलेज धरायचं, सगळे आकडे तसेच मोजतात. पण याचा अंदाजात उपयोग असा की जानेवारीत पोर्टलमधून कोण कुठे गेला ते बघून ठेवायचं, पुढच्या वर्षीच्या एसईसीच्या यादीत दोन-तीन नावं दुसऱ्याच्या शेतातून आलेली असणारच.

यादी झाली की प्रत्येक नावासमोर टक्के टाकायचे, म्हणजे हा पहिल्या राउंडला जायची शक्यता किती. हे कुठून आणायचे? मॉक ड्राफ्ट. ड्राफ्टच्या आधी पत्रकार लोक आपापला अंदाज छापतात, शेवटच्या आठवड्यातले आठ-दहा वेगवेगळ्या लोकांचे घ्या. दहापैकी दहांत नाव आहे त्याला ९० टक्के, शंभर कधीच नाही. सात-आठांत आहे त्याला ७०. तीन-चारांत आहे त्याला ३५. एखाद्यातच आहे त्याला १०. मॉकवाले एकमेकांचं बघून लिहितात हे लक्षात ठेवा, म्हणून दहाही जण एक बोलले तरी ती दहा वेगळी मतं नसतात, एकाच पारावरची गप असते.

शंभर का नाही टाकायचे त्याचं उत्तर शेडूर सँडर्स. २०२५ ला कितीतरी मॉकमध्ये तो पहिल्या राउंडला होता आणि गेला कधी, पाचव्या राउंडला, १४४ वा. आमच्या शर्यतीत नशीब की तो कोलोरॅडोचा म्हणजे बिग ट्वेल्व्हचा, दोघांचंही नुकसान नाही झालं, पण तेव्हापासून मी ९० च्या वर जात नाही.

आता बेरीज. समजा तुमच्या शीटमध्ये एसईसीचे ९० टक्केवाले ७, ७० वाले ५, ३५ वाले ८ आणि १० वाले १० आहेत. तर ६.३ अधिक ३.५ अधिक २.८ अधिक १, झाले १३.६. बिग टेनचे अनुक्रमे ५, ४, ६ आणि ८ असतील तर ४.५, २.८, २.१, ०.८, म्हणजे १०.२. दोघांचे मिळून २३.८, बाकी गटांना आणि नोत्र दामला ८.२ राहिले. ही तपासणी नक्की करा, सगळ्यांची बेरीज ३२ च यायला पाहिजे, ३८ आली तर तुम्ही टक्के वाटताना हात सैल सोडला. माझी पहिल्यांदा ४१ आली होती. लग्नाच्या पंगतीत ३२ पाटांवर ४१ माणसं.

आणि १३.६ विरुद्ध १०.२ म्हणजे एसईसी नक्की जिंकली असं नाही. प्रत्येक आकडा दोनेकने इकडे-तिकडे होतो, त्यामुळे असा फरक असला तर माझ्या हिशोबाने दहापैकी आठ वेळा एसईसी वर राहील, दोन वेळा बरोबरी किंवा उलटं. २०२३ ची ११-११ विसरू नका. फरक एक-दीडचा असेल तर तोंड बंद ठेवा आणि समोरच्याला आधी बाजू निवडू द्या.

टक्के टाकताना पोझिशन बघा, हे बऱ्याच लोकांच्या डोक्यातच येत नाही. क्वार्टरबॅक, त्याच्यावर धावून जाणारे एज रशर, त्याला वाचवणारे टॅकल, पास झेलणारे रिसीव्हर, त्यांना अडवणारे कॉर्नरबॅक, यांना भाव जास्त. बॉल घेऊन पळणारे रनिंग बॅक, डिफेन्सला सगळ्यात मागे थांबणारे सेफ्टी, टॅकलच्या आतल्या बाजूचे गार्ड यांना कमी, मॉक त्यांना वर दाखवत असले तरी पाच-दहा टक्के कापा. अपवाद असतात, बॉइसी स्टेटचा ॲश्टन जेन्टी रनिंग बॅक असून २०२५ ला सहावा गेला, पण अपवादावर शर्यत लावायची नसते. क्वार्टरबॅकचं तर असं की टीमला गरज असली की तो पोरगा असेल त्यापेक्षा वर जातो. २०२४ ला पहिल्या १२ मध्ये ६ क्वार्टरबॅक गेले, आणि आजच्या नकाशावर त्यातले ४ बिग टेनचे, एसईसीचा एकटा डॅनियल्स. पहिले १४ च्या १४ पिक अटॅकवाले होते त्या वर्षी, डिफेन्सचा एक बी नाही. पुढच्याच वर्षी अख्ख्या पहिल्या राउंडला क्वार्टरबॅक दोनच, वॉर्ड आणि डार्ट. त्यामुळे त्या वर्षी किती क्वार्टरबॅक आहेत आणि ते कोणत्या गटाचे, हे पहिले बघा, पहिल्या १० ची शर्यत तर जवळपास त्यावरच ठरते.

फेब्रुवारी-मार्चला इंडियानापोलिसला कम्बाइन असतं, पोरांना पळवतात, उड्या मारायला लावतात, वजन-उंची मोजतात, आपल्या पोलीस भरतीचं मैदानच म्हणा. इथे ३५ टक्केवाला ७० ला जाऊ शकतो. टेक्ससचा झेव्हियर वर्दी २०२४ ला ४० यार्ड ४.२१ सेकंदात पळाला, विक्रम, आणि २८ वा गेला. पण वरच्या ९० टक्केवाल्यांचं कम्बाइनने फार काही बदलत नाही, तिथे डॉक्टरी तपासणी जास्त बघतात आणि ती आपल्याला दिसत नाही. मी कम्बाइननंतर फक्त मधल्या ३५ आणि १० वाल्यांची नावं पुन्हा तपासतो.

टीम आपसात पिकच्या नंबरांची अदलाबदल करतात ती, म्हणजे ट्रेड, याचा अंदाज काढायच्या भानगडीत पडू नका. जॅक्सनव्हिलच्या टीमने २०२५ ला पाचव्यावरून दुसऱ्यावर उडी मारून ट्रॅव्हिस हंटर घेतला, पण हंटर पहिल्या पाचात जाणारच होता. गटाची बेरीज त्याने हलत नाही.

दर कॉलेजला किती हे पण कोणीतरी विचारणार, म्हणून काढून ठेवा. २०२५ ला सगळे राउंड धरून एसईसीचे १६ टीमचे ७९ म्हणजे टीममागे जवळपास ५, बिग टेनचे १८ टीमचे ७१ म्हणजे ४ च्या जरा खाली. बिग टेनवाला "आमचे पण ७१ गेले" म्हणून मिरवायला लागला की एकरी उतारा विचारायचा, लगेच गप्प बसतो. आतेभाऊ गप्प नाही बसला, तो म्हणाला की टेक्सस तुमच्याकडे आलं नसतं तर पहिल्या राउंडला तुमचे १५ चे १२ झाले असते. मी म्हटलं मग ओरेगन काढ, तुझे ११ चे ९. परत तीनचाच फरक.

शीट ड्राफ्टच्या आदल्या रात्री बंद करायची, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून समोरच्याला पाठवायचा, पहाटे उठून आकडे बदलायचे नाही. बरोबरी झाली तर काय हे पण आधीच लिहा. आमच्यात आता असं आहे की बरोबरी झाली तर पहिल्या १० मध्ये ज्याचे जास्त तो जिंकला, तिथे पण बरोबरी झाली तर ज्याच्या गटाचा खेळाडू आधी गेला तो.

आणि पार्टीची तारीख एप्रिलमध्ये ठेवू नका. भरताचं वांगं थंडीतलं, उन्हाळ्यात ती चव येत नाही आणि ४४ डिग्रीत तुरकाठ्या पेटवून शेकोटीजवळ बसणार कोण. आमचं २०२५ चं भरीत डिसेंबरवर टाकलं होतं, आतेभाऊ तेव्हा सुट्टीत आला, शेतात वांगी त्यानेच भाजली.